राक्षसाला कुणी कारण विचारत नाही

एका नव्या लेखिकेचा प्रश्न आहे. त्या कादंबरी लिहीत आहेत आणि तिच्यात एक माणूस आहे, ज्याला सगळं गाव राक्षस म्हणतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "माणूस राक्षस कशामुळे होतो? दिसण्यामुळे, कृत्यांमुळे, की लोकांनी ठरवल्यामुळे? बातम्यांत ज्यांना नराधम म्हणतात ते खरंच वेगळ्या मातीचे असतात का? आणि माझं पात्र वाचकाला राक्षस वाटावं की वाटू नये, हेच मला ठरवता येत नाही."

साहित्य शिकवण्यात आणि लोकांची हस्तलिखितं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत भेटत आला आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. "तू असं का केलंस?" असं ज्याला विचारावंसंच कुणाला वाटत नाही, तो राक्षस. चोराला, खुन्याला, फितुराला आपण निदान जाब तरी विचारतो. उत्तर पटत नाही, शिक्षाही देतो, पण त्याच्याकडे काहीतरी कारण असणार हे गृहीत धरतो. राक्षसाच्या बाबतीत तो राक्षस आहे एवढं सांगितलं की विषय संपला.

यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक, त्याने खरोखर केलेलं काहीतरी भयंकर. दुसरी, त्याचं ऐकून घ्यायला बाकीच्यांनी दिलेला नकार. या दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. काहीही न करता नुसता नकार वाट्याला आलेली माणसं आहेत आणि शेकडो जीव घेऊनही ज्यांच्याकडे पाहून कुणाला राक्षस आठवला नाही अशीही आहेत. तुमची कादंबरी बहुधा याच फटीत उभी आहे.

दिसण्याचा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात वाटतं तेवढं काही नाही. जगभरच्या राक्षसांची शरीरं पाहिली तर सरमिसळ दिसते. अर्धा बैल अर्धा माणूस, केसांच्या जागी साप, मेलेला तरी चालणारा. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी १९६६ मध्ये मांडलं होतं की, आपल्या वर्गवारीच्या कप्प्यांत न बसणाऱ्या गोष्टी आपल्याला अशुद्ध आणि धोकादायक वाटतात. अंगावर काटा का येतो याचं हे चांगलं स्पष्टीकरण आहे, पण राक्षस कोण याचं नाही. आपल्याच पुराणात बघा. धड माणूस नाही, धड पशू नाही, उंबऱ्यावर बसून नखांनी पोट फाडणारा नरसिंह हा देव आहे. मांडीवर आडवा पडलेला हिरण्यकशिपू दैत्य. रावण आणि बिभीषण एका आईच्या पोटचे, दोघेही राक्षसकुळातले. उलट जोसेफ मेरिक या इंग्रज माणसाचं (१८६२–१८९०) शरीर एका दुर्धर विकाराने इतकं विद्रूप झालं की त्याला पैसे घेऊन लोकांना दाखवलं गेलं. तो स्वतः मात्र पुठ्ठ्याच्या चर्चची नाजूक प्रतिकृती करून भेट देणारा सौम्य माणूस होता. चेहरा फार तर संशयाला निमित्त पुरवतो. निवाडा दुसरीकडेच होतो.

तो कुठे होतो हे पाहायला बकासुराकडे जाऊ. लहानपणी आपण ऐकतो ती गोष्ट भीमाच्या जेवणाची असते. गाडाभर अन्न, बकासुराकडे पाठ करून जेवत बसलेला भीम, पाठीत गुद्दे बसताहेत आणि हा घासावर घास घेतोय. आदिपर्वातली मूळ कथा वाचली की हसू मावळतं. पांडव वेषांतर करून एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहत आहेत. आतून रडण्याचा आवाज येतो म्हणून कुंती जाऊन ऐकते. आज त्या घराची पाळी आहे. काय पाठवायचं हे ठरलेलं आहे: गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरात वाद चाललाय तो कोण जाणार यावर. नवरा म्हणतो मी, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि प्रत्येकाकडे बिनतोड युक्तिवाद आहे. बोबडं बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, मी हिनेच त्या राक्षसाला मारतो. रडणारी माणसं क्षणभर हसतात.

मग तो ब्राह्मण कुंतीला परिस्थिती समजावून सांगतो, आणि गोष्ट सांगताना नेमका हाच भाग गाळला जातो. तो म्हणतो, हा बक या प्रदेशाचं रक्षण करतो. त्याच्यामुळे आम्हाला परचक्राचं भय नाही. हे अन्न आणि हा माणूस ही त्याची बिदागी. ज्या राजाने आमचं रक्षण करायचं तो वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी बसून आहे आणि त्याच्याच्याने काही होत नाही. प्रत्येक घरावर पाळी पुष्कळ वर्षांनी येते.

याला आजच्या भाषेत हप्ता म्हणतात. राक्षस आला आणि गाव खाऊ लागला असा हा प्रकारच नाही. इथे व्यवस्था आहे, दर ठरलेला आहे, पाळ्या लावलेल्या आहेत. पाळ्या कोण लावतं हे कथा सांगत नाही, पण रानात राहणारा बक घराघरांच्या याद्या करत नसणार एवढं नक्की. दुसऱ्याच्या घरातून रडण्याचा आवाज आला की बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि झोपतात. बक नरभक्षक आहे, त्याची बाजू घेण्यात काही अर्थ नाही. पण त्याला राक्षस म्हटल्यामुळे दोन जण वाचले. नाकर्ता राजा वाचला आणि पाळी पाळणारं नगर वाचलं. राक्षसाचं हे मोठं सामाजिक काम आहे: सगळा दोष एकाच अंगावर घेऊन तो बाकीच्यांना मोकळं करतो.

आणखी एक तपशील आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भीमाने बकाला मारल्यावर त्याचे आप्त घाबरून बाहेर येतात. भीम त्यांची कत्तल करत नाही. यापुढे माणसांना मारायचं नाही, एवढी अट घालतो. ते कबूल करतात आणि तेव्हापासून त्या भागातले राक्षस लोकांना सौम्य दिसू लागतात, असं व्यासांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे या जमातीशी करार होऊ शकत होता. बरोबरीच्या ताकदीने समोर बसणारं कुणी त्यापूर्वी गेलं नव्हतं इतकंच.

याच महाभारतात भीमाचा स्वतःचा मुलगा राक्षस आहे. घटोत्कचाची गरज पडली की त्याला बोलावतात, तो येतो, रात्रीच्या युद्धात कौरवसेनेची दाणादाण उडवतो आणि कर्णाच्या अमोघ शक्तीने मरतो. पांडव शोकात बुडालेले असताना कृष्ण आनंदाने गर्जना करतो, नाचतो. अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती खर्ची पडली, हे त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. पण पुढे तो जे बोलतो ते ऐकून वाचक थबकतो. कर्णाने याला मारलं नसतं तर पुढे मलाच मारावं लागलं असतं, कारण हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता. याच पोराने वडिलांसाठी जीव दिला त्याला तासही उलटला नसेल. आपल्या बाजूने लढणारा राक्षस कामाचा असतो तोवर आपला, काम संपलं की पुन्हा राक्षस. सैन्यं, राजकीय पक्ष, साम्राज्यं, सगळ्यांनी घटोत्कच बाळगले आहेत.

आता तुमच्या कादंबरीला सर्वात जवळचं उदाहरण घेतो. मेरी शेली यांची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी १८१८ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. त्यात एक तरुण शास्त्रज्ञ मृत शरीरांच्या अवयवांतून एक जीव घडवतो आणि त्याला टाकून देतो. त्या जिवाला नाव नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण चित्रपटांनी त्याला मुका, ठोंब्या करून टाकला आहे. पुस्तकातला जीव अस्खलित बोलतो. जंगलातल्या एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून एका गरीब कुटुंबाला पाहतो, त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. महिनोन्‌महिने तो एका भेटीची तयारी करत असतो. घरातला म्हातारा आंधळा आहे, म्हणून पहिल्यांदा त्याच्याशी बोलायचं असं त्याने ठरवलेलं असतं.

हा प्रसंग नीट वाचा, कारण सगळं शास्त्र त्यात आहे. घरात म्हातारा एकटा आहे. दारावर थाप पडते. तो परक्याला आत बोलावतो, शेकोटीजवळ बसवतो. दोघे बोलतात. म्हातारा म्हणतो की मला तुमचा चेहरा दिसत नाही, पण तुमच्या शब्दांवरून तुम्ही मनापासून बोलताय असं वाटतं. एवढा वेळ तिथे राक्षस नाही. एक अडचणीतला प्रवासी आहे आणि त्याचं ऐकून घेणारा एक माणूस. मग दार उघडतं आणि तरुण मंडळी आत येतात. एक जण बेशुद्ध पडते, एक पळून जाते, मुलगा त्याला काठीने झोडपतो. जिवात कसलाही बदल झालेला नाही, खोलीत फक्त डोळे आले आहेत. तो त्या मुलाला सहज फाडू शकला असता. तो मार खातो आणि निघून जातो. नंतर मात्र ती रिकामी झोपडी जाळतो, आणि पुढे निर्मात्याच्या लहान भावाचा गळा दाबतो.

यानंतर बर्फाच्या डोंगरावर निर्मात्याशी त्याची गाठ पडते. निर्माता त्याला शिव्या घालतो. त्यावर तो जे म्हणतो त्याचा आशय असा: माणसांचे कायदे रक्तपिपासू असले तरी गुन्हेगाराला शिक्षेआधी स्वतःची बाजू मांडू देतात, मग तू माझं ऐक. तो दयेची भीक मागत नाही, सुनावणी मागतोय. आणि शेलीबाई ती त्याला देतात. कादंबरीच्या अगदी मध्यावर, पत्रांच्या आतल्या कथनाच्या आत, सलग काही प्रकरणं तो एकटा बोलतो.

त्याच कादंबरीत दुसरीकडे जस्टीन नावाची मोलकरीण निर्मात्याच्या त्या लहान भावाच्या खुनासाठी फासावर जाते. ती निर्दोष आहे. पण धर्मगुरू तिला बहिष्काराची आणि नरकाची भीती घालत राहतो, तिला राक्षसीण म्हणत राहतो, आणि शेवटी ती खोटा कबुलीजबाब देते. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तर आहेच. पण गंमत अशी की जिला माणूस समजलं जायला हवं होतं तिचं कुणी ऐकलं नाही आणि ज्याला राक्षस म्हटलं गेलं त्याला मात्र पानंच्या पानं मिळाली. माझ्या मते पुस्तकातला सर्वात धारदार भाग जस्टीनचा आहे, आणि तो सर्वात कमी चर्चिला जातो.

जस्टीनची गत कादंबरीपुरती नाही. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकिणींचे खटले चालले. १९ जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारलं. सुरुवातीला आरोप झाले ते तिघींवर: एक भीक मागणारी, एक आजारपणामुळे बरेच दिवस चर्चला न गेलेली आणि एक गुलाम. गावात ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहणार नाही, त्यांच्यापासूनच यंत्र सुरू होतं. आणि यंत्र चालायचं कसं, तर चेटूक केल्याचं जी कबूल करत राहील ती जिवंत राहायची; मी काही केलं नाही, असं ठामपणे म्हणणारी लटकायची. ती गुलाम बाई कबूल करून वाचली. नकार देणं हाच पुरावा झाला की ऐकून घेण्याची शक्यता संपते. तिथे शिक्षा झालेल्यांपैकी शेवटच्या स्त्रीचं नाव अधिकृतपणे निर्दोष ठरलं ते २०२२ मध्ये.

तुम्ही म्हणाल, ती जुनी, धर्मभोळी माणसं. मग कायद्याने केलेलं उदाहरण घ्या. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. अमुक जमातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर, असा तर्क. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी पसरला आणि घट्ट झाला. रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं, आणि त्यानंतरही सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांच्या रूपाने पोलिसांची नजर याच वस्त्यांवर राहिली. इथे 'का केलंस' हा प्रश्न पडायला आधी काही केलेलं तरी हवं! पाळण्यातल्या पोरावर शिक्का होता.

आता मराठीपुरतं सांगतो. या शिक्क्याखाली जन्मलेल्या माणसांनी स्वतः लिहायला घेतलं तेव्हा काय झालं ते पाहा. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चोऱ्या नाकारलेल्या नाहीत. उपासमार, पोलिसांचा मार आणि चोरी एकमेकांत कशी गुंतलेली असते ते आतून सांगितलं आहे. म्हणूनच ते पुस्तक वकिली वाटत नाही. जो गावाच्या गोष्टींमध्ये कायम रात्रीच्या अंधारात येणारा 'ते लोक' होता तो 'मी' म्हणून बोलू लागला. हा सर्वनामाचा बदल घडला की राक्षस फार काळ टिकत नाही. उलट दिशेचा प्रवासही तितकाच जलद असतो. १९९४ मध्ये रवांडात एक रेडिओ केंद्र तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना झुरळं म्हणत होतं, आणि सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. झुरळाला कुणी खुलासा विचारत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की राक्षस म्हणजे सगळी बाकीच्यांची करणी. तसं मला म्हणायचं नाही. राक्षसी कृत्यं असतात आणि ती करणारे हातही असतात. फक्त ते हात आपल्या चित्रातल्यासारखे दिसत नाहीत.

१३ जुलै १९४२. पोलंडमधलं युझेफूफ गाव. जर्मनीतून आलेली १०१ क्रमांकाची राखीव पोलीस बटालियन, साधारण ५०० माणसं. बहुतेक मध्यमवयीन, संसारी, हॅम्बुर्गचे कामगार, गोदीतले, ट्रकवाले, कारकून. त्यांचा मेजर ट्राप पहाटे त्यांना अर्धवर्तुळात उभं करतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. काम सांगताना त्याचा आवाज अडखळतो: गावातल्या ज्यूंपैकी कामाचे पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्या बायका, मुलं, म्हातारे जागच्या जागी गोळ्या घालून मारायचे. मग तो म्हणतो, वयस्कर मंडळींपैकी ज्याला हे जमणार नाही असं वाटतं त्याने पुढे यावं. जेमतेम डझनभर पुढे आले. त्यांना शिक्षा झाली नाही. बाकीच्यांनी त्या दिवशी सुमारे १,५०० माणसं मारली. मधल्या वेळात आणखी काहींनी अंग काढून घेतलं, काही लपून बसले, पण बहुतेकांनी काम पुरं केलं आणि संध्याकाळी बराकीत परतून दारू प्यायली. इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी युद्धानंतरच्या चौकशीतल्या जबान्या वाचून हे सगळं मांडलं. या माणसांनी गोळ्या का घातल्या? जबान्यांतली उत्तरं क्षुल्लक वाटतात. सगळ्यांसमोर भित्रा ठरायचं नव्हतं. घाणेरडं काम जोडीदारांवर ढकलून आपण बाजूला व्हायचं, हे बरं वाटलं नाही.

नराधम वेगळ्या मातीचे असतात का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या पहाटेत आहे. क्रूरपणात रमणारे विकृत लोक जगात आहेत, पण मोठ्या संख्येने माणसं मारायची तर त्यांच्यावर भागत नाही. त्यासाठी शरमेला भिणारे, सोबत्यांची पर्वा करणारे, बरे लोक लागतात. ज्यूंना मृत्यूछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइखमन याच्या १९६१ च्या खटल्यावर लिहिताना विचारवंत हॅना आरेन्ट यांनी असंच काहीतरी पाहिलं होतं, म्हणजे विचार न करणारा एक कारकून. नंतरच्या संशोधकांनी त्याच्या अर्जेंटिनातल्या मुलाखतींवरून दाखवलं की तो पक्का, गर्विष्ठ ज्यूद्वेष्टा होता आणि कारकुनाचं सोंग त्याने न्यायालयासाठी घेतलं होतं. त्यामुळे आइखमनबाबत आरेन्ट फसल्या असं मला वाटतं. युझेफूफच्या शिपायांबाबत त्यांचं निरीक्षण जास्त खरं ठरतं.

आणि हे आपल्याला कळलं ते कशामुळे? त्या माणसांना विचारलं गेलं म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाझी पुढाऱ्यांना सरळ गोळ्या घालाव्यात, असं ब्रिटिश सरकारचं मत बराच काळ होतं. त्याऐवजी न्यूरेम्बर्गला १९४५–४६ मध्ये खटला चालला. आरोपींना वकील मिळाले, बोलू दिलं गेलं. निकाल लागलेल्या २२ जणांपैकी १२ जणांना फाशीची शिक्षा झाली आणि ३ जण निर्दोष सुटले. कागदपत्रांचे ढीग पुढे आले. त्यांना राक्षस म्हणून भिंतीशी उभं केलं असतं तर हिशेब त्याच दिवशी मिटला असता, आणि मृत्यूछावण्यांकडे जाणाऱ्या रेल्वेची वेळापत्रकं कुणी आखली, सह्या कुणाकुणाच्या होत्या, हे विचारायला कुणी उरलं नसतं.

म्हणून एखाद्या घृणास्पद गुन्ह्यानंतर 'या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये' असे ठराव वकील संघटना करतात तेव्हा मला धडकी भरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदेशीर ठरवले आहेत, राज्यघटनेच्या कलम २२(१) चा आधार देऊन. लोकांना वाटतं, वकील दिला म्हणजे गुन्हेगाराची कड घेतली. पण ज्याला वकील मिळतो त्यालाच तर जबाबदार धरता येतं. राक्षसावर जबाबदारी कसली? वादळाला कुणी समन्स पाठवत नाही.

आता तुमच्या पात्राकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या चार ओळींवरून एवढंच कळतं की गाव त्याला राक्षस म्हणतं आणि त्याचं बालपण दुःखात गेलं. पहिल्यांदा कुणी म्हटलं? त्या दिवशी गावात दुसरं काय लपवायचं होतं? हे पुस्तकात आलं नाही तरी चालेल, पण तुम्हाला ठाऊक हवं. गावकऱ्यांना मूर्ख किंवा दुष्ट करू नका. एकचक्रेच्या त्या ब्राह्मणाचं बोलणं किती समंजस आहे पाहा, आणि तरी त्या समंजसपणात दर पाळीला एक माणूस मरतो. हस्तलिखितांमध्ये मला हमखास भेटणारा दोष म्हणजे लेखक गावाला राक्षस करतो आणि राक्षसाला संत. शिक्का तसाच राहतो, फक्त कपाळ बदलतं.

त्याला दाखवायची घाई करू नका. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात टिकलेलं बेओवुल्फ हे इंग्रजी महाकाव्य आहे. त्यातला ग्रेंडेल हा राक्षस १२ वर्षं राजाच्या दरबारी दालनावर हल्ले करतो, पण कवी त्याचा चेहरा वर्णन करत नाही. त्याआधी कवी एवढंच सांगतो की दालनातलं गाणं आणि हसणं रोज बाहेर अंधारात ऐकू येतं आणि ते त्याला सोसत नाही. एका ओळीत भीती आणि कीव दोन्ही. पुढे त्याचा उपटलेला हात विजयचिन्ह म्हणून छताखाली टांगतात, आणि त्याची आई येऊन तो हात परत घेऊन जाते. मुलाचा सूड घेणं हा त्या दालनातल्या वीरांचाही धर्मच आहे, आणि ती तोच पाळत असते. कवी हे बोलून दाखवत नाही.

शेवटचा प्रश्न, वाचकाला तो राक्षस वाटावा की नाही. वाटावा, आणि मग वाटेनासा व्हावा, आणि मग पुन्हा वाटावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेलीबाईंनी पोराचा खून आधी ठेवला, मग त्या जिवाला बोलू दिलं, आणि त्याचं सगळं ऐकून वाचक विरघळल्यावर त्याच्याकडून आणखी दोन निरपराध माणसं मारवली. त्याची कहाणी पहिल्या प्रकरणात टाकली असती तर वाचक सुरुवातीपासून त्याचा वकील झाला असता आणि पुढचे खून त्याला बोचले नसते. तुमच्याकडे सध्या त्याच्या बालपणाचं दुःख पहिल्याच प्रकरणात आहे असं तुम्ही लिहिलंय. ते तिथून काढा आणि अर्ध्याच्या पुढे न्या. त्याने जे केलं ते आधी, कारण न देता, गावाच्या नजरेतून येऊ द्या. मग कुणीतरी, शक्यतो गावाबाहेरचं, त्याला सरळ विचारू दे की का केलंस. त्याचं उत्तर खरं असायची गरज नाही. अर्धवट असेल, स्वतःची कड घेणारं असेल, मध्येच खोटंही असेल. माणसं अशीच उत्तरं देतात. ते निदान चार-पाच पानं तरी मध्ये न तोडता चालू द्या, आणि त्यानंतरच्या प्रकरणात त्याला माफ करून टाकू नका.